सतरा जणांनी हात जोडले, फोन कोणी केला?

ताई,
मी यवतमाळ जिल्ह्यात कृषी केंद्र चालवतो. वय 36. पाच वर्षांपूर्वी पंचक्रोशीतल्या कास्तकारांचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला, आज 412 मेंबर आहेत. भाव, पाऊस, फवारणी, पीकविमा, असंच चालतं. यंदा पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी सगळे खांदशेकणीचे, झुलींचे फोटो टाकत होते. त्यात एकानं लिहिलं, ‘आमचा कोठा यंदा खाली.’ कोणी लक्ष दिलं नाही, मीही नाही. रात्री पावणेएकला त्याचाच मेसेज आला, ‘आता पुरे झालं. ज्याईचं देणं हाये त्याईनं माफ करा. लेकराईकडं लक्ष द्या.’ पाच मिनिटांत सतरा जणांनी हात जोडले. कोणी ‘हिंमत ठेव भाऊ’, कोणी ‘आज जास्त झाली वाटते’, एकानं लांबलचक भाषण फॉरवर्ड केलं. मला घाम फुटला. उद्या काही झालं तर ॲडमिन म्हणून माझ्यावर केस होईल, या भीतीनं मी मेसेज सगळ्यांसाठी डिलीट केला. झोप लागली नाही. सकाळी सहाला फोन केला तर म्हणतो, ‘मजाक केली राजा.’ दुपारी ग्रुप सोडून गेला. आज नऊ दिवस झाले. त्याच्याकडे माझी 38 हजारांची उधारी आहे, म्हणून त्याच्या घरी जायला पाय उचलत नाही. तो म्हणेल, वसुलीला आला. मी काय करायला पाहिजे होतं? आता काय करू?
— एक ॲडमिन

भाऊ,

असं पत्र सदराची पाळी येईपर्यंत ठेवून चालत नाही. म्हणून ते मिळालं त्याच दुपारी मी तुम्हाला फोन केला आणि एवढंच म्हटलं, की आज संध्याकाळी त्याच्या घरी जा. तुम्ही गेलात. रात्री मला सांगितलंत, ‘ओसरीत बसलो, चहा झाला, सोयाबीनवर बोललो, वीस मिनिटांनी उठून आलो. विचारता आलं नाही.’ तुमच्या परवानगीनं, ओळख पटेल ते सगळं बदलून, पुढचं इथं छापते आहे. आपल्याकडे गावागणिक असे ग्रुप आहेत, आणि मध्यरात्री मोबाइल हातात धरून घाम फुटलेले तुम्ही काही पहिले ॲडमिन नाही.

आधी ती केसची भीती बाजूला काढू, म्हणजे बाकीचं डोक्यात शिरेल. ग्रुपवर दुसऱ्यानं काय लिहिलं, त्याचा गुन्हा केवळ ॲडमिन आहे म्हणून तुमच्या माथी मारता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं 2021 मध्येच सांगितलेलं आहे. प्रकरण आपल्याच गोंदिया जिल्ह्यातलं. तिथला विषय वेगळा होता, पण मुद्दा हाच. आणि असं काही बोलणाऱ्याला किंवा करू पाहणाऱ्याला पोलीस उचलून नेतात, हे गावात अजून बोललं जातं, तेही आता जुनं झालं. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार अशा माणसावर मोठा ताण आहे असंच धरायचं, त्याला शिक्षा करायची नाही, त्याच्या उपचाराची जबाबदारी सरकारनं घ्यायची. 1 जुलै 2024 ला भारतीय न्याय संहिता आली, त्यात तर आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं ते जुनं 309 कलमच नाही. तेव्हा पुढच्या वेळी हात थरथरले तरी चालतील, पण ते फोन लावण्यासाठी.

मेसेज डिलीट केला म्हणून स्वतःला किती कोसावं? माझ्या मते फार नाही. तो तसाच राहिला असता तर सकाळपर्यंत त्याचे स्क्रीनशॉट त्याच्या सासुरवाडीला पोचले असते. चूक झाली ती क्रमात. आधी फोन, मग डिलीट. त्याच्या बाजूनं पाहा ना. रात्री एकटा बसून त्यानं हाक मारली. सतरा लोकांनी हात जोडले, एकानं दारूवरून टोमणा मारला, आणि थोड्या वेळानं ती हाकच पुसली गेली. सकाळी तुमचा फोन आला तेव्हा त्याला लाज वाटली असेल, म्हणून ‘मजाक’. देण्याची माफी मागणं आणि लेकरं दुसऱ्यांच्या हवाली करणं, या दोन गोष्टी कोणी मजाकीत एका ओळीत लिहीत नाही. तो निरोप होता.

आणि त्याच्याही आधी संध्याकाळी त्यानं सांगून टाकलं होतंच. ‘आमचा कोठा यंदा खाली.’ पत्रात तुम्ही हे वाक्य जाता जाता लिहिलं आहे. मी त्याच्यावरच अडकून बसले. वर्षभर राबलेल्या जोडीच्या खांद्याला हळद-लोणी लावून ‘आज आवतण घ्या, उद्या जेवाले या’ म्हणायची ती संध्याकाळ, आणि या माणसाच्या दावणीला कोणी नाही. बैल कधी विकले, कोणी नेले, तुम्हाला माहीत नाही. मी फोनवर विचारलं तेव्हा तुम्ही गप्प झालात. जीव नकोसा झालेला माणूस पुष्कळदा आधी अशी बाजूची गोष्ट बोलतो. ‘आता मी काय कामाचा’, ‘माझ्यामुळं घरच्यांना त्रास’, ‘पुढच्या हंगामात मी असो नसो’. मग हिशेब मिटवायला लागतो, आवडीची वस्तू कोणाला देऊन टाकतो, रोज बोलणारा एकदम ग्रुप सोडतो. प्रत्येक वेळी याचा अर्थ तोच निघतो असं नाही. पण विचारायला एवढं कारण पुरेसं आहे.

तुमच्या त्या सतरा जणांना मी नावं ठेवत नाही, कारण मी त्यांच्यातलीच आहे. ग्रामीण रुग्णालयात तीस वर्षं सिस्टर म्हणून काढली. निवृत्तीनंतर आमच्या जुन्या सिस्टरांचा एक ग्रुप झाला. त्यात एकीनं एका रात्री लिहिलं, ‘थकले बाई आता, सगळ्यालाच.’ मी, जिनं आयुष्यभर कॅज्युअल्टीत हे पाहिलं, मी काय केलं? गुलाबाचं फूल आणि खाली एक सुविचार. तीन महिन्यांनी तिनं मला सांगितलं, ‘तुझं फूल पाहिलं आणि फोन पालथा ठेवला.’ तिला वाचवलं ते तिच्या शेजारणीनं, जी त्या ग्रुपमध्ये नव्हतीच. तिनं फक्त दिवा का जळतोय म्हणून दार वाजवलं.

‘हिंमत ठेव’ या दोन शब्दांवर माझा राग तेव्हापासूनचा. त्यात वाईट काही नाही, पण ते बोलणं मिटवायचे शब्द आहेत. पुढच्यानं त्यावर काय म्हणावं? ‘ठेवतो.’ झालं. ‘लेकराईकडं पाहाय’ हे त्याहून जड. तो लेकरांकडं पाहूनच खचला आहे, त्यानं स्वतःच तसं लिहिलं. ‘तुझ्यापेक्षा वाईट दिवस लोकांनी काढले’, ‘मरण्यापेक्षा लढ’, बोंडअळीच्या वर्षाचे दाखले, सरकारला शिव्या, यातलं काही त्याच्या कामाचं नाही. सरकारला शिव्या द्यायला माझी ना नाही, पण त्या दिवसा द्या.

आता दुसऱ्या भेटीचं. उधारीमुळं तुम्ही अडखळता, तर उधारीपासूनच सुरुवात करा. दारात उभं राहिल्या राहिल्या सांगा, ‘आज पैशाचं बोलाले आलो नाही. या हंगामात मी मागणार बी नाही.’ पण हे मनापासून जमणार असेल तरच. दिवाळीत पुन्हा वही काढणार असाल तर असला शब्द देऊ नका, मोडलेला शब्द न दिलेल्या शब्दापेक्षा वाईट. तेवढी सोय तुमच्या दुकानाला परवडत नसेल तर सोबत अशा कोणाला घेऊन जा, ज्याचं त्याच्याकडं काही निघत नाही. मेव्हणा, शाळेतला दोस्त, भजनातला जोडीदार. आणि ओसरीत सगळ्यांसमोर नको. ‘चाल, वावरात चक्कर मारून येऊ,’ म्हणा. बांधावर दोघं एका दिशेला पाहत चालत असले की पुरुषमाणूस बोलतो, समोरासमोर बसवलं की सोयाबीनवर जातो. हे मी शास्त्र म्हणून सांगत नाही, पाहिलेलं सांगते.

मग विचारा. सरळ. ‘त्या रात्री तू लिवलं ते मी वाचलं. ते मजाक नोहती. मरून जावं वाटते काय तुले?’ तुम्ही फोनवर म्हणालात, ‘विचारलं आणि त्याच्या डोक्यात नसलेलं आलं तर?’ येत नाही. या प्रश्नाचा जगभर अभ्यास झालेला आहे. विचारल्यानं धोका वाढतो असं त्यात दिसत नाही, उलट माणूस मोकळा होतो. तो ‘नाही’ म्हणाला आणि नजर चुकवली, तर घाई करू नका, चालत राहा. ‘हो’ म्हणाला तर तुमच्या पोटात गोळा येईल. येऊ द्या. त्या क्षणी उपाय सांगायला धावू नका. ‘कवापासून?’ एवढं विचारा आणि गप्प बसा. मिनिटभर तो बोलणार नाही, ते मिनिट तुम्हाला तासासारखं वाटेल. त्या मिनिटात तोंड उघडायचं नाही, हेच सगळ्यात अवघड काम आहे.

त्यानंतर आणखी एक प्रश्न लागतो: आजही तसं वाटतं का, काही ठरवलं आहे का? ठरवलं असेल, तर त्याला एक क्षण एकटं सोडायचं नाही. बायकोला, भावाला बोलवा. ‘कोणाला सांगू नको’ अशी शपथ घालायला लागला तर घेऊ नका. ‘तुझा जीव जाईल अशी गोष्ट मी लपवणार नाही’ म्हणून सांगा. रागावेल. रागावलेला परवडतो. जीवावर बेतलं असेल तर 112 किंवा 108 लावा आणि जवळच्या सरकारी दवाखान्यात न्या.

एक गोष्ट फक्त तुम्हीच करू शकता, कारण तुम्ही औषधाचे दुकानदार आहात. फवारणीचं औषध आपल्याकडं कुठं असतं? माळ्यावर, खाटेखाली, पोत्यांच्या आड, हाताशी. मरून जावंसं वाटण्याची जी तीव्र लाट येते, ती पुष्कळदा थोडा वेळच टिकते. त्या वेळात साधन हाताशी नसेल, तर बरीचशी माणसं निभावून जातात, आणि मग दुसरा मार्ग शोधत फिरतात असंही नाही. श्रीलंकेनं 1995 नंतर एकेक करून अतिविषारी कीटकनाशकं बंद केली आणि तिथलं आत्महत्यांचं प्रमाण पुढच्या वीस वर्षांत निम्म्याहून खाली आलं. गरिबी काही तेवढ्यात गेली नव्हती. तेव्हा त्याच्या बायकोशी बोला: उरलेले डबे घरात नकोत, तुमच्या दुकानाच्या गोदामात ठेवा, फवारणीच्या दिवशी लागेल तेवढंच न्या, तेही दुसऱ्या कोणाच्या हातून. ‘उरलेलं परत आणून ठेवा, लेकरं-ढोरांचा धोका टळतो’ असं तुम्ही सगळ्याच गिऱ्हाइकांना म्हणू शकता. कोणाला वावगं वाटणार नाही, आणि त्या एकट्याकडं बोटही जाणार नाही.

दवाखान्याचं नाव काढलं की तो म्हणेल, ‘मले येडा समजला काय?’ आपल्याकडं मानसिक डॉक्टर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं एकदम नागपूरचं मनोरुग्णालय येतं. तिथं न्यायची गरज बहुतेकांना नसते. यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी आहे, सेवाग्रामला आहे. झोप येत नाही, जेवण जात नाही, छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटतं, या तक्रारी घेऊन जा, तिथून पुढचं डॉक्टर पाहतील. उदासीवरच्या गोळ्यांचा गुण यायला दोन-चार आठवडे लागतात, हे आधीच सांगून ठेवा. नाहीतर आठव्या दिवशी ‘काही फरक नाही’ म्हणून पुडी फेकली जाते. गावच्या आशाताईलाही विसरू नका. विदर्भ-मराठवाड्यातल्या 14 जिल्ह्यांसाठी 2015 मध्ये सुरू झालेल्या प्रेरणा प्रकल्पात घरोघर जाऊन अशी माणसं हेरायचं काम त्यांच्याकडंच होतं. कोणत्या घरात चूल थंड आहे, हे तिला तुमच्या ग्रुपच्या आधी कळतं.

आणि 14416. टेली मानस. मानसिक त्रासाबद्दल फोनवर बोलायची केंद्र सरकारची ही सेवा ऑक्टोबर 2022 पासून आहे, फुकट, रात्रंदिवस, मराठीत बोलता येतं. लोकांना वाटतं हा नंबर फक्त मरायला निघालेल्यासाठी. नाही. त्या रात्री पावणेएकला तुम्हीच तो लावून विचारू शकला असता, ‘माझ्या ग्रुपवर असा मेसेज आला, मी काय बोलू?’ दुसऱ्या भेटीला जायच्या आधी हवं तर आजच लावून पाहा. एकदा स्वतः बोललेला नंबर दुसऱ्याला देताना आवाज वेगळा लागतो.

आता ग्रुपचं. 412 लोकांत प्रत्येकाला वाटतं की दुसरा कोणी फोन करत असेल. म्हणून आधीच तिघं ठरवा: तुम्ही, आणखी एक रात्री जागा असणारा, आणि एखादी बाई, कारण तुमच्या ग्रुपात बायका गप्प असल्या तरी वाचतात. असा मेसेज आला की तिघांपैकी जो पाहील त्यानं खाली एकच ओळ टाकायची, ‘भाऊ, मी फोन लावतो आहे,’ आणि खरंच लावायचा. उचलला नाही तर पुन्हा, मग घरच्यांना, मग शेजाऱ्याला. माणूस लांबच्या गावचा, ओळखीचा नाही, तर त्या गावच्या पोलीस पाटलाचा नंबर काढा, 112 ला नाव-गाव सांगा. त्या माणसाला ग्रुपातून काढायचं नाही. चर्चा बंद करायची असेल तर ‘फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतात’ ते बटण आहे, ते दाबा. टोमणा मारणाऱ्याला दुसऱ्या दिवशी एकट्याला फोन करून झापा, ग्रुपवर नको. ग्रुपच्या माहितीत खताच्या भावाच्या वर 14416 लिहून ठेवा.

याहून एक गोष्ट मला जास्त टोचते. तालुक्यात कुठं काही घडलं की तासाभरात त्या माणसाचे फोटो, चिठ्ठी, कसं केलं त्याची सगळी कहाणी ग्रुपवर फिरते. खाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. ते वाचणाऱ्या 412 मध्ये एखादा काठावर उभा असतो. त्याला त्या फोटोत वाट दिसते. असे फोटो दिसताक्षणी काढा, तिथं अजिबात विचार करू नका. आणि ‘कर्जापायी गेला’ असं एका दमात लिहूनही टाकू नका. कर्ज असतंच. पण त्याच्या मागं न झालेली झोप असते, दारू असते, दुखणं असतं, घरातला अबोला असतो, विकलेली जोडी असते. कर्ज म्हणजे मरण असं समीकरण आपणच रोज छापत बसलो, तर कर्ज नसलेलं घर या जिल्ह्यात शोधून सापडेल का?

तुमचं स्वतःचंही एक. रात्री दोन-तीनदा उठून फोन पाहता, असं म्हणालात. ते बंद करा. तिघं ठरवले ते त्यासाठीच. बायकोला यातलं काही सांगितलं नाही म्हणालात, तर तिला सांगा. तुम्ही त्याच्यासाठी सगळं केलंत आणि तरी काही विपरीत झालं, तर तो तुमचा गुन्हा नसेल, हे मी आज लिहून ठेवते, कारण तेव्हा तुम्ही माझं ऐकण्याच्या मनःस्थितीत नसाल.

रविवारी जा. वही दुकानात ठेवा. वावराकडं चालताना कोठ्यापाशी थांबा आणि त्याला त्या जोडीची नावं विचारा. त्यानं नावं सांगितली, की पुढचा प्रश्न तुम्हाला विचारता येईल. मग मंगळवारी काही कारण नसताना एक फोन करा, आणि त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा जा. सणावारापेक्षा सण होऊन गेल्यावरचे रिकामे दिवस अशा घरात जास्त जड जातात, आणि दसऱ्यापर्यंत अजून बरेच रविवार आहेत.